बंबाचा टोप

आमच्या देवाचा टोप मला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, उपम्याच्या पातेल्याशेजारी ठेवलेला दिसला आणि माझ्या हातातली प्लेट सुटली. उपमा बुटांवर सांडला. शेजारचा ऑपरेटर हिंदीत काहीतरी म्हणाला, ते मला ऐकूही आलं नाही. माझे डोळे त्या टेबलावर खिळले होते.

तो आमचाच टोप होता, बिरोबाचा. पितळेचा, सगळं डोकं झाकून मागे मानेपर्यंत उतरलेला. कपाळापासून मागपर्यंत गेलेला उंच तुरा आणि तुऱ्याच्या दोन्ही अंगांना तोंड उघडलेले नाग. पुढच्या बाजूला एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन कुऱ्हाडी, मधे पेटलेली दिवटी आणि तिच्याभोवती आणखी एका नागाचं वेटोळं. हनुवटीखाली बांधायची पितळी साखळीसुद्धा होती. जत्रेच्या आदल्या दिवशी माझे सासरे हा टोप चिंचेनं घासून लख्ख करतात, तेव्हा मी तो दरवर्षी ओसरीवरून बघते. बाईमाणसानं हात लावायचा नाही, म्हणून लांबूनच. एरवी वर्षभर तो पिवळ्या फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यावरच्या पेटीत असतो.

आणि इथे तो शिक्रापूरला, स्टीलच्या टेबलावर, चहाच्या थर्मासला टेकून!

मी या कंपनीत सेफ्टी खात्यात आहे. आठवडाभर शिक्रापूरला खोली घेऊन राहते आणि सुट्टीला गावी जाते. दिवसभर माझं काम एकच, लोकांच्या मागे लागून हेल्मेट घाला, बूट घाला, बेल्ट लावा असं ओरडणं. पाठीमागे मला सगळे हेल्मेटबाई म्हणतात, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी आमच्याकडे आग विझवण्याचं प्रशिक्षण होतं. त्यासाठी दौंडहून एक निवृत्त फायरमन आले होते. गृहस्थ भरघोस मिशांचे, आवाज असा की माइकची गरज नाही, आणि स्वतःच्या शौर्याच्या गोष्टी सांगण्याची भारी हौस. येताना त्यांनी दोन पोत्यांत जुनी हेल्मेटं भरून आणली होती आणि ती कॅन्टीनच्या टेबलांवर ओळीनं मांडली होती.

माझा राग म्हणजे नाकाच्या शेंड्यावर. मी तडक त्यांच्यासमोर गेले.

"हा टोप तुम्ही कुठून उचलला?"

"उचलला?" त्यांच्या मिशा हलल्या. "मॅडम, हे माझं कलेक्शन आहे."

"देवाच्या वस्तूचं कलेक्शन करता? लाज नाही वाटत? हा आमच्या घरचा आहे, बिरोबाचा. पोलिसांत देईन मी तुम्हाला."

त्या बोलघेवड्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच शब्द फुटेना. मी तिथेच उभं राहून गावी नवऱ्याला फोन लावला. आमचं गाव वडगाव रासाईच्या पुढे, भीमेच्या काठाला. हे तिकडे ऊस बघतात.

"अहो, देव्हाऱ्यावरची पेटी उघडून बघा. टोप आहे का?"

"आता? अंघोळीशिवाय?"

"अंघोळ गेली खड्ड्यात. बघा आधी!"

फोनमधून पेटीची कडी वाजली. मग माझ्या सासऱ्यांचा आवाज आला. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. "हाय की हितं. कुठं जातुय? काय झालं गं पोरी?"

टोप तिथे होता. टोप इथेही होता. मी खुर्चीत बसले. चोरीचा आळ घेतला म्हणून माफी मागायला हवी, हेही मला बराच वेळ सुचलं नाही.

मला एवढा धक्का का बसला हे कळायला आमच्या टोपाची गोष्ट माहीत असायला हवी. लग्न होऊन या घरात आले, तेव्हा पहिल्याच माघात ती मला कळली, आणि तीही अंगावर गार पाणी पडून. जत्रेचे पाच दिवस आमच्या घरात कुणीही ऊन पाण्यानं अंघोळ करत नाही. माघाची थंडी, नदीकाठचं घर, पहाटेचा वारा, आणि सासूबाई हौदातल्या पाण्याची बादली माझ्यापुढे ठेवून म्हणतात, "घे." मी शिरूरसारख्या गावात गीझरवर वाढलेली. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि श्वासच अडकला. दात वाजत असतानाच मी विचारलं, हे कशासाठी?

तर आमच्या नवऱ्याच्या पणज्यासाठी. त्या काळी घरात मेंढरं होती आणि दारात एक मोठा तांब्या-पितळेचा बंब होता, अंघोळीचं पाणी तापवायचा. पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. एके वर्षी मेंढरांवर रोग आला. पणज्यानं बिरोबाला साकडं घातलं. मेंढरं वाचली, तेव्हा द्यायला काही नव्हतं, म्हणून त्यानं दारातला बंब वितळवून देवाला टोप केला आणि पुढे मरेपर्यंत गार पाण्यानं अंघोळ केली. म्हणून त्या टोपाला म्हणायचं 'बंबाचा टोप'. गावात लहान पोराला विचारलं तरी ते हीच गोष्ट सांगेल. पणज्याच्या त्यागाची आठवण म्हणून आम्ही जत्रेला कुडकुडतो. मी दरवर्षी चरफडत का होईना पण कुडकुडले, कारण गोष्ट खरोखर मनाला भिडणारी होती. देवासाठी सोनं देणारे पुष्कळ असतात, स्वतःचं ऊन पाणी देणारा मी दुसरा ऐकला नाही.

मी माफी मागितल्यावर दौंडच्या गृहस्थांना पुन्हा कंठ फुटला आणि ते व्याख्यानाला उभे राहिले. मी पहिल्या रांगेत, डोळे त्या पितळेवर.

त्यांनी आधी एक कातडी टोप उचलला. वाळून करकरीत झालेला, जुन्या चपलेसारखा भेगाळलेला. आगीवर जाणाऱ्यांची सुरुवात अशा कातड्यापासून झाली म्हणे. अमेरिकेत याची कड पन्हाळीसारखी मागे लांब काढायचे, वरून ओतलेलं पाणी मानेवरून सदऱ्यात जाऊ नये म्हणून. पावसात शेतकरी पोत्याची खोळ करून पाठ झाकतो, तीच युक्ती. मग त्यांनी तो पितळी टोप दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांचा आवाज बदलला.

"ही राणी," ते म्हणाले. "लंडनच्या आग विझवणाऱ्यांच्या साहेबानं पॅरिसमध्ये तिथल्या लोकांच्या डोक्यावर असली टोपी पाहिली आणि आपल्याकडे सुरू केली. दीडेकशे वर्षं झाली त्याला. मग जिथे जिथे इंग्रज, तिथे तिथे ही. बंदरं, गिरण्या, मोठी स्टेशनं. हा तुरा बघा. शोभेचा नाही. वरून वासा पडला, वीट पडली, तर मार तुऱ्यावर बसतो, टाळूवर नाही. आणि हे बाजूला काय आहे, सांगा?"

"नाग," मी म्हणाले.

"नाग कसले! ड्रॅगन. तोंडातून आग ओकणारे. ज्याच्याशी लढायचं त्याचंच चित्र डोक्यावर." त्यांनी पुढच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. "कुऱ्हाडी दारं फोडायला. ही मशाल. आणि हे वेटोळं म्हणजे पाण्याचा पाइप."

पाण्याचा पाइप! त्या वेटोळ्याला आबा दरवर्षी दूध दाखवतात. मला हसावं की रडावं कळेना. पण खरा दणका पुढेच होता.

"आमच्या दौंडात जुने लोक याला काय म्हणायचे माहीत आहे?" ते म्हणाले. "बंबाचा टोप."

"काय?" मी उभीच राहिले. "काय म्हणालात?"

"बंबाचा टोप. आगीचा बंब येतो ना घंटा वाजवत, त्याच्यावरच्या माणसाचा टोप. मोडीत निघाले तेव्हा पितळेच्या भावानं बाजारात आले असतील. माझा मी एका भांडीवाल्याकडून घेतला."

मी पुन्हा खाली बसले. लहानपणी शिरूरला कुठे धूर दिसला की "बंब आला, बंब आला" म्हणत आम्ही पोरं रस्त्यावर पळायचो. तोच शब्द. आणि एवढी वर्षं त्या घरात राहून, सेफ्टीचं शिक्षण घेऊन, मला एकदाही सुचलं नाही. पणजा लोकर विकायला दौंडच्या बाजाराला जायचा, हेही घरात सगळे सांगतात. कुणीतरी त्याला सांगितलं असेल, हा बंबाचा टोप आहे. त्याच्या रानात, त्याच्या वाडीवर आगीचा बंब कुणी बघितला होता? बंब म्हणजे पाणी तापवायचा. टोप म्हणजे देवाचा. दोन्ही शब्द ओळखीचे, मग शंका कशाला? पुढच्या पिढीनं त्या दोन शब्दांच्या मधे मेंढरं, रोग, नवस आणि वितळवलेला बंब असं सगळं भरून काढलं. आणि मी त्यापायी माघाच्या पहाटे गार पाण्याखाली उभी. ऐकावं ते नवलच!

मला मोठ्यानं हसू फुटलं. गृहस्थांना वाटलं, बाई चांगली माणसाळली. ते खुशीत येऊन पुढे म्हणाले, "मग एवढी सुंदर चीज सोडली का? लोक म्हणतात, जड म्हणून. अजिबात नाही. घराघरांत वीज आली. आगीत तारा तुटून लोंबकळायच्या. अंग पाण्यानं भिजलेलं, डोक्यावर पितळ, त्याच्यावर एवढा उंच तुरा. माणूस वाकेपर्यंत तुरा तारेला टेकलेला असायचा. ज्यानं वाचवायचं त्यानंच मारलं. मग बूच, दाबलेलं कातडं, फायबर, असं करत करत आजचं हेल्मेट आलं."

माझं हसू जागच्या जागी थिजलं. कारण मला कॅन्टीन दिसत नव्हती, आमच्या गावची गल्ली दिसत होती.

जत्रेच्या दिवशी देवाचा टोप घरापासून देवळापर्यंत हातात न्यायचा नसतो. मानकऱ्यानं तो डोक्यावर घालून न्यायचा. आणि डोक्यावर टोप असेतो मानकऱ्यानं बसायचं नाही, वाकायचं नाही, कारण तो टोप डोक्यावर असताना तो देव असतो. मानकरी म्हणजे घरातला थोरला पुरुष, म्हणजे आबा. पूर्वी ते चालत जायचे. मग हौशी लोकांनी बैलगाडी आणली. मग ट्रॅक्टरची ट्रॉली. गेल्या वर्षी ट्रॉलीत लोखंडी मंच बसवला, म्हणजे देव लांबून दिसावा. देव दरवर्षी हातभर वर चढत होता आणि गल्लीतल्या तारा दरवर्षी हातभर खाली लोंबत होत्या. ट्रॉलीच्या पुढे दोन गडी वासे घेऊन चालतात, तार आडवी आली की वाशानं वर उचलतात आणि ट्रॉली खालून काढतात. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, हात जोडून, भंडारा उधळत. मी, हेल्मेटबाई! कंपनीत कुणी शिडीवर विनाबेल्ट चढला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी बाई.

जत्रा तोंडावर आली होती. मी रजा टाकली आणि न्हावऱ्यावरून गाव गाठलं.

आबा ओसरीवर टोप घासत बसले होते. बोटं चिंचेनं काळपट झालेली. शेजारी हे बसले होते. मी दम न खाता सगळं सांगून टाकलं. बंब कुठला, टोप कुणाचा, नाग कसले, वेटोळं कशाचं. यांचा चेहरा पडला. "हे गावात बोलू नकोस," एवढंच म्हणाले. आबा चिडतील, देव्हाऱ्यापुढे नाक घासायला लावतील, या तयारीनं मी उभी होते.

आबांनी टोप मांडीवर फिरवला. "म्हंजी ह्यो टोप घालून मानूस आगीत जायाचा?"

"हो आबा. दुसऱ्यांना बाहेर काढायला."

"मंग वंगाळ काय हाय त्यात?" त्यांनी मला विचारलं. मग टोप उलटा करून आत बघत म्हणाले, "पर म्हंजी माज्या आज्यानं बंब वितळीवला न्हाई."

"नाही."

"म्हंजी म्या साठ-सत्तर वर्सं उगंच कुडकुडलो." आणि ते खळखळून हसले.

तीच संधी साधून मी तारांचा विषय काढला. टोप पाटावर ठेवून नेऊ या. निदान मंच तरी काढू या. निदान तारेपाशी खाली बसा. आबांचं हसू थांबलं.

"टोप डुईवरनंच जातुय. आन् मानकरी बसत न्हाई."

"आबा, तो देवाचा नाही, फायरमनचा आहे. आत्ता तुम्हीच..."

"इतक्या लोकांनी इतकी वर्सं हात जोडलं, आता त्यो देवाचाच." आवाज चढला नव्हता, पण विषय संपला होता. "मंच लोकांनी वर्गणीतनं क्येलाय. म्या खाली उतरलो तर म्हनत्याल, म्हातारं तारंला भ्यालं. अंगावर देव आसून भ्यालं."

मी रडकुंडीला आले. शेवटी यांनीच तोड काढली. गावच्या वायरमनला फोन केला की मिरवणूक निघायच्या वेळी लाईन बंद ठेवा. तो म्हणाला, ठेवतो की, त्यात काय. यांनी वासेवाल्या दोघांनाही तसा निरोप दिला. माझ्या डोक्यावरचा डोंगर उतरला. रात्री मी पोटभर जेवले आणि पहाटे गार पाण्यानं मुकाट्यानं अंघोळ केली. आता ती कशासाठी, हे आबांनाही विचारलं नाही.

दुपारी मिरवणूक निघाली. ढोल आणि कैताळांचा दणदणाट, हवेत भंडारा इतका की समोरचा माणूस पिवळा दिसावा. मंचावर आबा उभे. धोतर, कांबळं, डोक्यावर उन्हात जळजळीत चमकणारा टोप, गळ्यात झेंडूचे हार आणि हनुवटीखाली साखळी. खरं सांगते, तो टोप कुणाचा होता हे ठाऊक असूनही माझे हात आपोआप जुळले. मी बायकांच्या घोळक्यात ट्रॉलीच्या पुढे चालत होते. चौकातून वळून आमची गल्ली लागली. या गल्लीत तारा तीन ठिकाणी आडव्या जातात. पहिली ओलांडली. आबा ताठ. दुसरी ओलांडली. वासेवाले दोघे मोकळ्या हातांनी नाचत होते. लाईन बंद आहे म्हटल्यावर त्यांनी वासे आणलेच नव्हते.

तिसरी तार पिठाच्या गिरणीजवळ आहे, सगळ्यांत खाली लोंबलेली. मी त्या दिशेनं बघितलं. गिरणी चालू होती. घराघरांत पुरणपोळ्या होत्या, दळणाची रांग लागलेली. पट्टा सपासप फिरत होता. दारावरचा बल्ब भर दुपारी पेटलेला होता. ती गिरणी विजेवरची आहे, डिझेलची नाही.

मी गिरणीच्या पडवीत शिरून वायरमनला फोन लावला. कानात बोट घालून ओरडले, "लाईन चालू आहे!"

"बंद क्येली की ताई, सकाळधरनं बंद हाय. शेतीची लाईन."

"शेतीची? गावातली?"

"गावठाणची कुठं सांगितली तुमी? लाईन म्हनला, म्हून शेतीची क्येली."

आमच्याकडे लाईन म्हणजे शेतातल्या मोटारीची. लाईन आली, लाईन गेली, रात्रपाळीची लाईन, सगळं त्या मोटारीचंच. यांनी लाईन म्हटलं, त्यानं लाईन ऐकलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आणि माझ्या शहाणपणापायी वासेसुद्धा घरी राहिले होते. "आता बंद करा, आत्ताच्या आत्ता!" म्हणून मी ओरडले, तर तो म्हणाला, सबस्टेशनला फोन लावतो. ट्रॉली माझ्याकडे सरकत होती.

मी पुढे धावले. हे ट्रॅक्टरच्या पुढे नाचत होते, डोळे मिटून. मी त्यांना हाक मारली, ड्रायव्हरकडे हात हलवले. त्यानं हसून हात जोडले. लोकांना वाटलं, सूनबाईंच्या अंगात आलं. एका म्हातारीनं माझ्या कपाळाला भंडारा लावला. तुरा आणि तार यांच्यातलं अंतर मला दिसत होतं. थांबा म्हटलं तर कुणी थांबत नव्हतं, करंट म्हटलं तर ढोलात विरत होतं. मग माझ्या पोटातून एकच शब्द निघाला.

"आग! आग लागली! कडबा पेटला!"

कंपनीत मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावते, आग हा शब्द उगाच ओरडायचा नाही. पण हा शब्द आमच्या गावात ढोलालाही ऐकू येतो. एका घराचा कडबा पेटला तर गल्ली जाते. ढोल तुटल्यासारखे थांबले. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला. आणि मंचावरून आबांनी उडी घेतली. त्या वयाचा माणूस, डोक्यावर टोप, गळ्यात हार, ट्रॉलीच्या फळीवर एक पाय टेकवून धाडकन जमिनीवर आला आणि गर्दी फाडत गिरणीमागच्या गंजीकडे धावत सुटला. ते बघून मी क्षणभर तारही विसरले. त्यांच्यामागे हंडे, बादल्या, कळशा घेऊन निम्मं गाव धावलं.

गंजीला काहीच झालं नव्हतं. शेजारी एक शेळी शांतपणे कडबा खात होती.

"कुठंय आग?" कुणीतरी ओरडलं. मग सगळे माझ्याकडे वळले. देवाची मिरवणूक मधेच मोडली होती, मानकरी टोपासकट खाली उतरला होता, असं आजवर कधी घडलं नव्हतं. लोकांच्या नजरा मला जाळत होत्या. कुणीतरी म्हणालं, नोकरी करणाऱ्या बायकांना देवाचं काय? हेसुद्धा माझ्याकडे असे बघत होते की मी त्यांची कुणी नाहीच.

"धूर मला बी दिसला," आबा म्हणाले.

मी हादरले. आबा खोटं बोलत नाहीत. बाजारात जनावराचं दूध किती हे विचारलं तर जरा कमीच सांगणारा तो माणूस. आणि डोक्यावर देवाचा टोप असताना सगळ्या गावापुढे ते म्हणत होते, "दिसला व्हता. इझला आसंल. आता आलोच खाली, तर देवळापत्तूर चालतच जातो." ढोल पुन्हा सुरू झाले. आबा त्या लोंबत्या तारेखालून चालत गेले आणि ती त्यांच्या तुऱ्यापासून खूप वर राहिली. थोड्या वेळानं गिरणीचा पट्टा थांबला आणि दारावरचा बल्ब विझला. तेव्हा कुठे यांचं लक्ष तिकडे गेलं. यांनी बल्बकडे बघितलं, तारेकडे बघितलं, रिकाम्या मंचाकडे बघितलं आणि गिरणीच्या पायरीवर मटकन बसले.

नैवेद्य झाला, पंगती उठल्या. टोप पेटीत गेला. आबा देवळामागच्या लिंबाखाली एकटेच बसले होते. मी चहा घेऊन गेले.

"आबा, धूर कुठे दिसला तुम्हाला?"

"धूर न्हाई दिसला." त्यांनी चहा बशीत ओतला. "गिरन दिसली. चालू व्हती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कधी दिसली?"

"चौकात वळलो तवाच. वरनं समदं दिसतं की."

चौकातून वळलो तेव्हाच! म्हणजे तिन्ही तारा पुढे होत्या. कॅन्टीनमध्ये बसलेला धक्का याच्यापुढे काहीच नव्हता. हा माणूस, तारेत वीज आहे हे बघत, तुरा काय करतो हे माझ्याकडून ऐकलेलं असताना, तसाच ताठ उभा राहून गेला होता.

"तुम्ही थांबवलं का नाही? उतरला का नाही?" मी ओरडलेच. माझे डोळे भरून आले होते आणि रागही आवरत नव्हता.

"आगीला उतरता येतं पोरी. भ्यालो म्हून उतरता येत न्हाई."

"आणि तारा?"

"पयल्या दोन वर व्हत्या, हातभर."

"आणि तिसरी?"

"तिसरी खाली व्हती," आबा म्हणाले. "दिसत व्हती मला. म्या डोळं मिटलं. मंग तू वरडलीस."

ते बशी तोंडाशी नेत होते आणि ती जात नव्हती. हात इतका थरथरत होता की चहा धोतरावर सांडत होता, आणि ते माझ्यापासून तोंड वळवून बसले होते. मी त्यांच्या हातातून बशी काढून घेतली आणि ती धरून त्यांना चहा पाजला.